मनेरीण आली घरा

"आधी कानडीतलं लाव," शमा म्हणाली. "हिंदीतलं नगं, त्यात नुसता ढोल बडिवलाय."

तिच्या हातात रोहोकडीच्या एका नवरीचा हात होता. हात शेतातल्या कामाचा, हाडं रुंद, आणि नवरीला बांगडी हवी होती अगदी बसती. शमाच्या सुनेनं, आरफानं, मोबाईल काचेच्या कपाटाला टेकवून ठेवला आणि कानडीतलं लावलं. शमानं नवरीचा अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची मोळी केली आणि बांगडी हाडापर्यंत आणून ठेवली. गाणारी बाई ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबली. एवढ्याशा थांब्यात ऐकणाऱ्याचा जीव पुढच्या शब्दाकडे लागतो आणि हात आपोआप सैल पडतो. बाईनं तो शब्द उच्चारला तोवर बांगडी पलीकडे मनगटावर गेलेली होती. नवरीला कळलंसुद्धा नाही.

"बगितलं?" शमा नवरीच्या आत्याला म्हणाली. "ह्याला म्हणत्यात गाणं. हिंदीवाल्यानं ह्याच जागी ढोल घातलाय. तिथं माझी बांगडी फुटंल."

गाणं सिनेमातलं होतं. सिनेमा दक्षिणेकडचा, ओतुरात तो कुणी पाहिला असेल असं वाटत नाही. पण त्यातलं हे बांगड्यांचं गाणं चार भाषांतून आलं आणि सगळी लग्नसराई मांडवामांडवांतून वाजत राहिलं. वाजायचं ते पहिलंच कडवं, त्यावर पोरं नाचायची. शमाला नाचाशी काही देणंघेणं नव्हतं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीतल्या त्या चिंचोळ्या दुकानात बसून ती चारही भाषांतली गाणी शेवटपर्यंत ऐकायची आणि गिऱ्हाइकांनाही ऐकायला लावायची. बांगड्या घ्यायला आलेली बाई गाण्याबद्दल आपलं मत दिल्याशिवाय सहसा सुटत नसे. तेलुगूतल्या बाईच्या गळ्यात गूळ फार, असं शमाचं म्हणणं होतं. तमिळमध्ये शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात, तरी ती बाई चालीला धक्का लागू देत नाही, म्हणून तिला ती मानायची. पण खरी कानडीच. हिंदी सोडली तर यातल्या एकाही भाषेतलं अक्षर तिला कळत नव्हतं, आणि ते बरंच होतं. शब्दांत अडकायला व्हायचं नाही, नुसता गळा ऐकता यायचा.

चाल तिच्या ओळखीची होती. या भागातल्या मनेरणी, म्हणजे बांगड्या भरणाऱ्या मुसलमान बाया, पिढ्यान् पिढ्या हात दाबताना जे गुणगुणत आल्या, तेच हे. शमाला ते तिच्या सासूनं शिकवलं होतं. ते सिनेमात गेलं म्हणून तिला राग आला नाही. उलट तिची छाती फुगली. कानडी मुलखातही मनेरणी असणार, तेलुगू मुलखातही असणार, त्यातल्या कुणापुढे तरी हा संगीतवाला बसला असणार, असं ती सांगायची. आपली माणसं सगळीकडे आहेत, या कल्पनेनं तिला फार बरं वाटायचं.

मराठीतलं मागाहून आलं, नेमकं त्या दिवशी. कानडी संपल्यावर आरफाला ते सापडलं आणि तिनं कौतुकानं लावलं. नवरीच्या दुसऱ्या हातात शमानं बांगडी धरली होती. पहिली दोन कडवी नेहमीचीच, माहेरच्या वाटेची आणि हिरव्या चुड्याची. शमा सोबत गुणगुणत होती. मग वाद्यं थांबली आणि बाईचा आवाज एकटाच उरला:

*दार लोटते, कडी लावते, कुणी नाही माझ्या घरा,*
*माझा हात मी हाती घेते, बांगडी सरकते जरा.*

शमाच्या बोटांत बांगडी तडकली. नवरीच्या हातावर रक्ताचा बारीक थेंब आला. आत्याबाईचा चेहरा उतरला, कारण नवरीच्या हातात बांगडी वाढणं काही चांगलं नव्हे. आरफानं घाईघाईनं गाणं बंद केलं. अम्मीच्या हातून नवरीची बांगडी वाढलेली तिनं या घरात आल्यापासून कधी पाहिली नव्हती.

हे कडवं परंपरेचं नव्हतं. सासूनं शिकवलेलं नव्हतं. शब्द फिरवलेले होते, पण ते शमानं स्वतः रचलेलं होतं, एका बाईसाठी, एका बंद खोलीत, आणि त्या बाईखेरीज जगात कुणालाही ते ठाऊक नव्हतं.

तेव्हा शमा नवीन लग्न झालेली होती आणि डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन गावोगाव फिरायची. थेट पेठ गावापर्यंत जायची, कारण तिथली दोन-चार मोठी शेतकरी घरं तिच्या सासूच्या हक्काची होती. त्यातल्या एका घरात संक्रांतीच्या आधी सगळ्या सुना ओट्यावर गोल करून बसायच्या आणि हात पुढे करायच्या. त्यांना पाणी आणून देणारा एक हात मात्र रिकामा असायचा. तो चिमाबाईचा. तिचा नवरा भगवंत तापानं गेला तेव्हा ती शमाच्याच वयाची होती आणि पोटात पोर होतं. दिवसपाण्याला तिच्या बांगड्या दगडावर फोडल्या, त्या शमानंच आदल्या महिन्यात भरलेल्या होत्या.

दोन संक्रांती शमानं तो हात पाहिला. तिसऱ्या वर्षी तिनं पाणी मागायच्या निमित्तानं चिमाबाईला आत गाठलं, धान्याच्या खोलीचं दार लोटलं आणि म्हणाली, हात दे. चिमाबाई घाबरली. शमाही घाबरलेलीच होती. चिमाबाईच्या सासूला कळलं असतं तर तिची धडगत नव्हती, आणि गावाला कळलं असतं तर मनेरणीचं पाऊल त्या वेशीत पुन्हा पडलं नसतं. शमानं साध्या चॉकलेटी बांगड्या आणल्या होत्या, बिनचमकीच्या, मुद्दाम घट्ट. घट्ट बांगडी बाहीच्या आत वर सारली की वाजत नाही. भीतीनं चिमाबाईचा हात लाकडासारखा झाला होता, काही केल्या सैल पडेना. नेहमीचं गाणं विधवेपुढे म्हणायचं कसं? त्यात चुडा होता, नवरा होता. तेव्हा शमानं तिच्या कानाशी, जवळजवळ श्वासानंच, त्या चालीवर जे सुचलं ते म्हटलं:

*दार लोट गं, कडी लाव गं, मनेरीण आली घरा,*
*रिकामा हा हात तुझा, माझ्या हातात दे जरा.*

तेव्हापासून चिमाबाईनं पोलकी लांब बाहीची शिवायला सुरुवात केली. एखादी बांगडी वाढली की ती बाजाराचं निमित्त काढून ओतूरला यायची, दुकानाच्या मागच्या बाजूला बसायची, शमा पडदा ओढायची. शमानं हे नवऱ्याला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं मोठं असं एवढंच घडलं होतं, आणि तेच तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. चिमाबाईची शपथ होती.

आत्याबाईची समजूत काढून नवरीला वाटेला लावल्यावर आरफानं पुन्हा मोबाईल घेतला. गाण्याच्या खालीच आणखी एक व्हिडिओ होता. "अम्मी, ये देखो, अपनी पेठवाली चिमाखाला," ती म्हणाली. चिमाबाई आपल्या घराच्या ओट्यावर बसलेली होती, नवं इरकल नेसून, बाह्या मागे सारून. हातात बांगड्या होत्या आणि त्या आता लपवलेल्या नव्हत्या. खाली लिहिलं होतं की मूळ गीत चिमाबाईंचं. तिचा नातू ऋषी सिनेमाच्या आवाजाच्या कामात पुण्याला असतो, हे शमाला माहीत होतं. त्यानंच आजीचं गाणं त्या लोकांना ऐकवलं असणार.

व्हिडिओत चिमाबाई सांगत होती, "कुणी नव्हतं मला. दार लावलं, आन माझ्या मीच भरल्या. भरता भरता गाणं सुचलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खाली हजारो लोकांनी हात जोडले होते.

शमानं तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. मग म्हणाली, उद्या मला पेठेला जायचंय. आरफानं कारण विचारलं. शमानं सांगितलं नाही, कारण शपथ अजून होती.

नारायणगावला गाडी बदलावी लागली. दुसऱ्या गाडीत बसायला जागा मिळाली, पण शमाला बसवेना. चाल गेली ती जाऊ दे, ती सगळ्यांचीच होती. कडवंही गेलं तर गेलं. आपण रचलेलं गावोगाव वाजतंय, त्यात वाईट काय? पैसा नको होता, पडद्यावर नाव नको होतं. पण जिच्यासाठी जीव मुठीत धरून दार लावलं, तिनंच ते दार आतून लावून घेतलं आणि आपल्याला बाहेर ठेवलं. हे केसानं गळा कापणं होतं. चिमीनं एकदा, फक्त एकदा, कुणाच्या तरी देखत म्हणावं की शमानं भरल्या. एवढंच तिला हवं होतं आणि तेवढं घेतल्याशिवाय ती परत फिरणार नव्हती. बांगड्यांची पिशवी सवयीनं काखेत आलेलीच होती.

पेठेतल्या त्या घराच्या ओट्यावर आता गुळगुळीत फरशी होती. चिमाबाई चटईवर बसलेली, समोर ताटात नव्या बांगड्या, आणि ऋषी तिवईवर मोबाईल बसवत होता. शमाला पाहून चिमाबाई उठली, तिचे दोन्ही हात धरले. कधी आलीस, कळवायचं तरी, भाकरी खाल्ली का, सून बरी आहे का, असं एका दमात विचारलं. त्यात काही खोटं नव्हतं. शमाला तेच सोसेना. चिमाबाई जरा कानकोंडी झाली असती, नजर चुकवली असती, तर शमाला बोलायला सोपं गेलं असतं.

"मावशी, बरं झालं आला," ऋषी म्हणाला. लहानपणी तो तिच्या पाटीत हात घालायचा म्हणून तिनं त्याच्या बोटांवर हलकेच चापट मारलेली होती. सिनेमावाल्यांना आजीची एक छोटी फिल्म हवी आहे, ती स्वतः बांगड्या भरतेय अशी, असं त्यानं समजावून सांगितलं. ते गाणं कुणाचं, हे त्याला ठाऊक आहे की नाही ते शमाला कळेना.

"ऋषी," ती म्हणाली, "आजीनं तुला सांगितलंय का, त्या खोलीत कोन व्हतं?"

ऋषीनं आजीकडे पाहिलं. म्हणजे ठाऊक होतं.

"मावशी, राग मानू नगा," तो सावकाश म्हणाला. "आजीनं समदं सांगितलं व्हतं. मीच म्हणलो, नाव नगं घ्यायला. दिवस कसं हायेत, तुमी बगताच. लोकं गानं सोडून भलतंच बोलत बसली असती. तुमालाबी तरास झाला असता."

"माझा तरास मी बगितला असता की."

 वाईट पोरगा नव्हता तो. आत जाऊन त्यानं स्वतः पाणी आणलं, शमाच्या हातात दिलं आणि मोबाईलशी खाटखूट करत बसला. शमा पाणी प्यायली नाही. ती चिमाबाईजवळ चटईवर टेकली.

"पोरगा म्हनला ते म्हनला. तू काय म्हनलीस, चिमे?"

चिमाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी व्हय म्हनले. आधी जिभंवर यीना. ते मानसं आली, समोर लाईट, म्हनली आजी सांगा. एक डाव सांगितलं, दुसऱ्या डावाला सोपं गेलं." तिनं पदराचं टोक सोडलं. "आता सांगून सांगून मलाच खरं वाटाया लागलंय, शमे. त्या खोलीत मी एकलीच दिसते मला."

शमाला वाटलं होतं, ती रडेल, माफी मागेल, किंवा भांडेल तरी. यातलं काही झालं असतं तरी चाललं असतं. माणूस खोटं बोलला तर त्याच्याशी भांडता येतं. पण चिमाबाई खोटंही बोलत नव्हती. तिच्या डोक्यातल्या त्या धान्याच्या खोलीतून शमा खरोखरच उठून गेली होती. 

ऊन सरकत होतं म्हणून ऋषीनं घाई केली. आजीनं बांगडी घ्यावी आणि हातात सरकवावी, एवढंच करायचं होतं. चिमाबाईनं उजव्या हातानं डाव्या हातात बांगडी घालायला घेतली. बांगडी बसती होती, तिच्या नेहमीच्या मापाची. हाडापाशी येऊन अडली. तिनं दाबली. बसती काचेची बांगडी आपली आपल्याला भरता येत नाही. एक हात तिचा असला तर दोन हात दुसऱ्या कुणाचे तरी लागतात. हे चिमाबाईला आयुष्यभर ठाऊक असायला हवं होतं. बांगडी फुटली. दुसरीही फुटली. अंगठ्याच्या बुडाशी खरचटलं आणि ऋषीनं मोबाईल बंद केला.

"असं करूया," तो शमाला म्हणाला. "तुमी भरा, मावशी. समद्या भरून झाल्या की मी चालू करतो. शेवटची एक हाडाच्या अलीकडं आणून ठिवा, तेवढी आजी सरकवंल."

चिमाबाईनं हात पुढे केला. मागे दर वेळी करायची तसाच, काही न विचारता, काही मनात न आणता. शमानं तो हात धरला. तिच्या बोटांना तो पाठ होता. तिनं खरचटलेल्या जागेवरचं रक्त पदरानं टिपलं.

"चालू ठेव," ती ऋषीला म्हणाली. मग चिमाबाईकडे वळली. "मी भरते. तू फकस्त म्हन, शमा भरती म्हनून. बास, येवढंच. मग मी काय मागायची न्हाई तुज्याकडं जल्मात."

ऋषीनं मोबाईल चालू केला. खरोखर केला, तेवढी त्याची माणुसकी म्हणायची.  चिमाबाईनं शमाकडे पाहिलं, मग मोबाईलकडे, मग रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायांकडे. तिचे ओठ हलले. शमा वाट पाहत होती.

"ऱ्हाऊ दे गं," चिमाबाई हळू आवाजात म्हणाली. "आता समद्यांना म्हाईत झालंय तसंच ऱ्हाऊ दे. भर ना तू. तू न्हाई भरल्यास तर कोन भरल मला?"

ऋषीनं मोबाईल बंद केला.

शमानं हात सोडला. ताटातल्या फुटक्या काचा वेचून फरशीवर एका बाजूला केल्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. मग पिशवी उघडली, आतल्या पुठ्ठ्याच्या डब्या चाळल्या आणि सगळ्यात तळाची काढली. तिच्यातल्या बांगड्या चॉकलेटीच होत्या, पण मापानं मोठ्या; जाडजूड हातांच्या बायांसाठी ठेवलेल्या. त्या तिनं चिमाबाईच्या पुढ्यात ताटात ठेवल्या.

"ह्या घाल," ती म्हणाली. "ह्या सैल हायेत. ह्या तुज्या तुला भरता येत्याल."

चिमाबाईला आधी कळलं नाही. मग कळलं असावं, कारण पुढे केलेला हात तिनं मांडीवर घेतला. शमानं पिशवी बांधली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चपला घातल्या. ऋषी गाडीवरून स्टँडपर्यंत सोडतो म्हणाला. ती म्हणाली, नको, जवळच आहे.

अंगण ओलांडताना मागून बांगड्या वाजल्या. भगवंत गेल्यापासून चिमाबाईच्या हातात बांगड्या वाजलेल्या शमानं पहिल्यांदाच ऐकल्या. फाटकाची कडी लावायला ती वळली, तेव्हा चिमाबाई ओट्याच्या कडेला उभी होती. तिला हाक मारायची असावी, कारण हात वर उचललेला होता, आणि सगळ्या बांगड्या घसरून कोपराशी गेल्या होत्या. हात खाली आला तशा त्या पुन्हा पंजावर आल्या, आणि गळून पडू नयेत म्हणून चिमाबाईनं आपलं मनगट आपल्याच दुसऱ्या हातानं घट्ट धरलं. फाटक लावून शमा रस्त्याला लागली तरी ती तशीच धरून उभी होती.